पुतळ्याची सावली

मंगळवार, २२ एप्रिल २०१४, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. वर्बिना गावच्या जुन्या सराईतल्या कपड्यांच्या दुकानासमोर नायदेन गवंडी रस्त्यावर गुडघे टेकून बसला आणि त्याने दुकानातल्या बिनडोक्याच्या पुतळ्याची सावली लाल लोकरीच्या धाग्याने मोजली. धागा तोडून त्याने बोरूच्या नळीवर गुंडाळला, नळी दुकानाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या भोकात ठेवली आणि दहाच्या आत भोक चुन्याने बंद केले. त्या वेळी तिथे चार माणसे होती. गवंडी, दुकानाची मालकीण योन्का, तिचा नवरा स्तामेन आणि मी. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला मी गेली सव्वीस वर्षे वर्बिनाच्या बातम्या पाठवतो. ही बातमी मी पाठवली नाही. आपण एक खेळ बघतो आहोत, असे तेव्हा वाटले होते.

आधी काय घडले ते तारखेनुसार सांगतो.

सराईच्या कमानीवर १८४६ हा आकडा कोरलेला आहे. बांधली हाजी वल्कोने, डोंगर उतरून येणाऱ्या घोड्यांच्या तांड्यांसाठी. कमानीची रुंदी दोन्ही बाजूंना गाठोडी लादलेला घोडा न अडता आत जाईल एवढी, बोटभरही जास्त नाही. खालचा मजला नदीच्या दगडांचा, दर हातभर उंचीवर भिंतीत ओकचा पट्टा घातलेला. हा तबेला होता. वरचा मजला लाकडी चौकटींचा, त्यांत कच्च्या विटा भरलेल्या. तिथे पाहुण्यांच्या आठ खोल्या आणि समोरून लांब सज्जा. छपरावर दगडी पाट्या आहेत, आणि त्यांचे वजन नगरपालिकेच्या इंजिनियरबाईंनी अठ्ठावीस टन काढले आहे. त्यातला बराच भार आग्नेय कोपऱ्यावर येतो, कारण त्या बाजूला जमीन नदीकडे उतरते.

तांडे बंद झाल्यावर सराईत तंबाखूची वखार आली. नंतर सरकारने ती ताब्यात घेतली आणि सहकारी दुकान काढले. १९९२ साली इमारत वारसांना परत मिळाली. वारस म्हणजे योन्का, हाजी वल्कोच्या पणतूची मुलगी. तिने तिथे कामगारांचे कपडे, रबरी बूट, सुया-दोरे आणि बटणे विकायला सुरुवात केली. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच आहेत, आता त्यांना निळे कोट टांगलेले असतात. पाऊस पडला की फरशीखालून अजून घोड्यांचा वास येतो. गिऱ्हाईक नवे असेल तर आपल्याच पायातला बूट उलटा करून तळ बघते.

आणि जिना. वरच्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्याची खालून सहावी पायरी रोज दिवेलागणीला एकदा करकरायची. एकदाच. तांडे त्याच वेळेला यायचे. गावात याला कोणी भूत म्हणत नसे. ‘नवरी वर गेली’ असे म्हणत, आणि त्यावर दुकाने बंद करत. सराई बांधली तेव्हा कोपरा तीनदा ढासळला होता. चौथ्या वेळेस गवंड्यांनी झऱ्यावर पाण्याला आलेल्या एका नव्या नवरीची सावली तिच्या नकळत धाग्याने मोजली आणि धागा कोपऱ्यात चिणला. सावलीचे माप भिंतीत गेले की माणूस चाळीस दिवसांत जातो आणि मग ती भिंत राखतो, अशी इथली समजूत आहे. कोपरा त्यानंतर हलला नाही. नवरीचे काय झाले हे चर्चच्या दफ्तरात मिळत नाही, कारण ते दफ्तर जळाले. मी दोनदा शोधले आहे.

गुरुवारी, १० एप्रिलला, स्तामेनने एसीची नळी बाहेर काढण्यासाठी त्याच कोपऱ्याला ड्रिल लावले. सहा फुटी माणूस, उन्हाळा-हिवाळा डोक्यावर रुंद काठाची टोपी. १९९८ साली ट्रकवरून पडल्यापासून डावा पाय ओढत चालतो. दोन दगडांमधला चुना गळून पडला आणि मागून बोटभर जाडीची बोरूची नळी खाली आली. तिच्यावर काळपट लाल धागा होता. योन्काला ते उंदराचे घरटे वाटले. तिने ते केरात घेतले आणि केर शेगडीत टाकला.

त्या संध्याकाळी सहावी पायरी करकरली नाही. हे पहिल्यांदा शेजारच्या बेकरीवाल्याच्या लक्षात आले, कारण तो त्या आवाजावर भट्टी विझवत असे.

सोमवारी कोपऱ्यावर केसभर भेग दिसली. इंजिनियरबाईंनी तिच्यावर आडवी जिप्समची पट्टी बसवली आणि पट्टीवर तारीख घातली. भिंत हलली तर पट्टी तुटते, एवढाच तिचा उपयोग. १४ तारखेची पट्टी १७ ला तुटली. १७ ची पट्टी दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेला, दुपारी तुटली. बाईंनी सांगितले की ईस्टरनंतर आठ दिवसांत कोपरा पक्का झाला नाही तर दुकानाला सील लागेल आणि छप्पर उतरवावे लागेल. छप्पर उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा खर्च योन्काच्या आयुष्याच्या कमाईत बसत नव्हता.

म्हणून नायदेन उस्तादाला बोलावले. वय चौऱ्याहत्तर. चार पिढ्या गवंड्यांच्या, आणि दगडी कोपरा बांधणारा तालुक्यात उरलेला एकटा. त्याने फरच्या तीन बल्ल्या कोपऱ्याला टेकवल्या, भोकात हात घातला आणि विचारले, “इथली नळी कुठंय?”

“कसली नळी?” योन्का म्हणाली.

“बोरूची. धागा होता तिच्यावर.”

“ती? ती शेगडीत गेली, उस्ताद. घाण होती नुसती.”

उस्तादाने हात बाहेर काढला, पुसला आणि हत्यारे पिशवीत भरायला लागला.

“अहो, निघालात कुठं?”

“घरी. पोरी, हा कोपरा रिकामा बंद होत नाही. मी बंद केला तरी महिनाभर टिकेल. मग तुझ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर येईल आणि नाव माझं जाईल.”

“मग घाला की काहीतरी. कोंबडा कापू?”

“कोंबडा पायाभरणीला चालतो. पाया हाजी वल्कोच्या वेळीच भरला. इथं माप लागतं.”

“कुणाचं?”

“तेच तर. मी आजवर कुणाचं घेतलेलं नाही. माझ्या आजोबानं एकदा घेतलं आणि नंतर तो कधी पोटभर जेवला नाही.”

तोडगा स्तामेनने काढला, ईस्टरच्या रविवारी. टेबलावर लाल अंडी फोडणे चालले होते. प्रत्येकाने आपले अंडे दुसऱ्याच्या अंड्यावर आपटायचे आणि ज्याचे शेवटपर्यंत फुटत नाही त्याचे वर्ष चांगले जाते. या वर्षी स्तामेनचे टिकले. तो खुशीत होता.

“उस्ताद, भिंतीला काय कळतंय माप कुणाचं ते? आमचा पुतळा आहे ना दारातला. वीस वर्षं कोट घालून उभाय, पगार मागत नाही, मरायचीही भीती नाही. त्याची मोजा सावली!”

“भिंतीला फसवायचं?”

“नगरपालिकेला फसवतो, देवाला फसवतो, भिंत काय मोठी लागून गेली?”

उस्ताद बराच वेळ अंड्याचे टरफल सोलत बसला. मग म्हणाला, “सोमवारी नको. सणाचा दिवस. मंगळवारी येतो.”

तर मंगळवारी सकाळी स्तामेनने पुतळा रस्त्यावर आणला. पुतळ्याला मान आहे, मानेवर लाकडी गोटी आहे, डोके नाही. अंगात निळा कोट होता. ऊन मागून, नदीकडून येत होते आणि सावली दुकानाच्या दारापर्यंत गेली होती. माप घेण्याचे दोन नियम उस्तादाने आधीच सांगितले. माप चालू असताना त्याने बोलायचे नाही, आणि सावलीच्या वरच्या टोकाकडे बघायचे नाही. नजर स्वतःच्या अंगठ्यावर ठेवून धागा पुढे न्यायचा. नखावर ऊन पडले की सावली संपली, तिथे धागा तोडायचा.

त्याने तसेच केले. स्तामेनने पुतळ्यामागे उभे राहून मोबाईलवर फोटो काढला आणि जर्मनीत असलेल्या मुलीला, रालित्साला, पाठवला. योन्का दारात हसत होती. मी घड्याळ बघितले.

२४ एप्रिलची पट्टी तुटली नाही. इंजिनियरबाईंनी १० मेपर्यंत वाट बघितली, सील लावायचा कागद रद्द केला आणि बल्ल्या काढायला परवानगी दिली. योन्काने मला कॉफी पाजली. “बघा, पुतळ्यानं नोकरी केली शेवटी,” ती म्हणाली.

१२ मे, सोमवार, संध्याकाळी सहा वाजून पंधरा मिनिटे. बाहेर पाऊस होता. दुकानात योन्का आणि स्तामेन काउंटरच्या दोन बाजूंना बसून बटणे निवडत होते. जिन्यावरून पावले ऐकू आली. सहावी पायरी करकरली, मग पावले वरच्या सज्ज्यावरून आठव्या खोलीकडे गेली. योन्काने मला सांगितले ते तिच्याच शब्दांत देतो.

“एक पाऊल पडायचं, दुसरं घासत यायचं. एक पडायचं, दुसरं घासत. सव्वीस वर्षं मी ती चाल ऐकतेय. दारात चावी लागायच्या आधी मला ती ऐकू येते. आणि तो माझ्यासमोर बसलेला! हातात बटणं!”

“स्तामेनला ऐकू आलं?”

“म्हणाला, उंदीर माजलेत. मी म्हटलं, हो, उंदीर.”

मी तिला एवढेच म्हणालो की ती चाल सव्वीस वर्षांची कशी असेल, अपघात तर १९९८ चा. तिने क्षणभर मोजले. “सोळा,” म्हणाली. “तुम्हाला एवढंच सुचलं होय?” तिचे बरोबर होते.

त्या रविवारी, १८ मे रोजी, रालित्साचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, “आई, तो फोटो मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. पण पुतळ्याला बाबाची टोपी कुणी घातली गं?”

“कुठली टोपी? त्याला डोकंच नाही, टोपी कुठं घालणार?”

“सावलीला आहे ना.”

योन्काने फोटो उघडला. नंतर मीही पाहिला, एकदा मोबाईलवर आणि एकदा कागदावर मोठा काढून. पुतळ्याला डोके नाही. रस्त्यावरच्या सावलीला डोके आहे आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी आहे. यात गूढ काही नाही. स्तामेन फोटो काढायला पुतळ्याच्या पाठीशी चिकटून उभा होता, सूर्य त्याच्या मागे होता, आणि तो पुतळ्यापेक्षा हातभर उंच आहे. त्याची सावली पुतळ्याच्या सावलीवर पडली आणि वर उरली. फोटोत नायदेन उस्तादाचा अंगठा टोपीच्या टोकावर आहे. नखावर ऊन आहे.

तो सत्ताविसावा दिवस होता.

योन्का मला घेऊन उस्तादाच्या घरी गेली. एकटीने जायची तिची हिंमत नव्हती. उस्ताद अंगणात घेवड्याला काठ्या लावत होता. त्याने चष्मा आणवला, फोटो धरला आणि किती वेळ तो परत दिलाच नाही.

“मी नखाकडे बघत होतो,” शेवटी तो म्हणाला.

“मला माहितेय.”

“मला वाटलं, पुतळ्याची सावली एवढी लांब कशी. पण बोलायचं नसतं.”

“उस्ताद, काढा तो धागा.”

“काढला तर कोपरा खाली येईल. या वेळी भेग पडून थांबायचा नाही.”

“येऊ दे! दगड आहेत, पडू देत. तुम्हाला माणूस मोठा की भिंत?”

“नीट ऐक, पोरी. रिकामा करून कोपरा पाडलास म्हणून तुझा माणूस मोकळा होतो, असं मला कुणी सांगितलेलं नाही. धागा जळला तेव्हा ती नवरी गेली. ती मेलेलीच होती, सुटली. जिवंत माणसाचं काय होतं ते मला माहीत नाही. कदाचित धाग्याबरोबर तोही...”

“आणि दुसऱ्या कुणाचं माप घातलं तर?”

“गप बस.”

“विचारतेय फक्त. दुसऱ्याचं घातलं तर पहिला सुटतो का?”

“माझ्या आजोबाला मी विचारलं नाही,” उस्ताद म्हणाला. “आणि तू मला विचारू नकोस.”

परत येताना ती पुलावर थांबून म्हणाली, “स्तामेनला सांगितलंत तर तुमचं तोंड बघणार नाही.”

स्तामेनला मी सांगितले नाही. बेकरीवाल्याने सांगितले. बेकरीवाल्याला उस्तादाच्या सुनेकडून कळले होते. २१ मेला स्तामेन स्वतः माझ्याकडे आला, टोपी काढून टेबलावर ठेवली.

“चाळिसावा दिवस कधी?”

“एकतीस. शनिवार.”

“बरं झालं, शनिवारचा अंक जाड असतो,” तो म्हणाला. “मेलो तर पहिल्या पानावर टाक. आतल्या पानावर मी यायचा नाही.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “ती झोपत नाही रे. मी श्वास घेतोय का बघत बसते. मला आता श्वास घ्यायचीच लाज वाटायला लागलीय.”

टोपी तो तिथेच विसरून गेला. ती अजून माझ्याकडे आहे.

पुढच्या आठवड्यातल्या गोष्टी कागदावर आहेत तेवढ्या अशा. २४ मेला स्तामेन दुकानाच्या उंबऱ्यावर अडखळून पडला, गुडघा फुटला. महिन्याभरात त्याचे वजन साडेतीन किलोने उतरले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांना रक्तदाब थोडा जास्त दिसला, बाकी काही नाही. योन्काच्या हट्टाने २८ तारखेला त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात तपासणीसाठी नेले आणि दोन रात्री ठेवले. हृदयाच्या आलेखात दोष सापडला नाही. पावलांबद्दल सांगायचे तर १२ मेपासून ती रोज ऐकू येत होती, एक पडणारे, एक घासणारे. दिवेलागणीची वेळही आता राहिली नव्हती. २३ तारखेला दुपारी दोन वाजता एक गिऱ्हाईक बूट पायात घालून बघत असताना वर मान करून म्हणाले, “तुमचा नवरा वर काहीतरी शोधतोय वाटतं.” योन्काने बुटाचे खोके त्याच्या हातातून काढून घेतले आणि दुकान बंद केले.

२९ मे, गुरुवार, अडतिसावा दिवस. स्तामेन इस्पितळात होता. दुकानाच्या दारावर ‘मालमोजणीसाठी बंद’ अशी पाटी होती. मी दुपारी साडेअकराला तिथून गेलो तेव्हा पाटी बघितली. झऱ्याजवळ नायदेन उस्तादाची सायकल टेकवलेली होती. बेकरीवाला सांगतो की नऊच्या सुमारास योन्का दुकानाबाहेर पाठीवर ऊन घेऊन उभी होती, केस मोकळे, हात सरळ, “फोटोला उभं राहतात तशी”. त्याने हाक मारली, तिने उत्तर दिले नाही. तिच्यासमोर जमिनीवर कोणी होते का, हे त्याला दिसले नाही. मध्ये पिठाच्या गोण्यांची गाडी उभी होती.

शुक्रवारी स्तामेन घरी आला. कोपऱ्यातल्या त्या जागेचा चुना ओला होता. मी बोट लावून बघितले, बोटाला पांढरे लागले. २४ एप्रिलची जिप्समची पट्टी अखंड होती.

“काय केलंस तिथं?” स्तामेनने विचारले.

“चुना उडाला होता. लावून घेतला,” योन्का म्हणाली.

“आत काय घातलंस?”

“चुना.”

“योन्का.”

“चुना घातला म्हटलं ना! जेवून घे, सूप गार होतंय.”

काउंटरवर सुटी विकायला ठेवलेल्या लाल लोकरीचा गुंडा होता. त्याचे टोक कातरीने नुकतेच कापलेले दिसत होते. पण लोकर विकायलाच ठेवलेली आहे, ती रोज कापली जाते. मी उस्तादाकडे गेलो. बल्ल्यांच्या खुणा बुजवायला आलो होतो, एवढे तो म्हणाला. योन्काची सावली मोजली का, असे विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे बघितले आणि घेवड्याच्या काठीला सुतळी बांधत राहिला. मी तीनदा विचारले.

आज शनिवार, ३१ मे. चाळिसावा दिवस. सकाळपासून मी दुकानात आहे. स्तामेन काउंटरमागच्या स्टुलावर बसला आहे. त्याचे ईस्टरचे अंडे गल्ल्याशेजारी आहे, फुटलेले नाही. दिवसभरात त्याने दोन कोट आणि एक जोडी बूट विकले आणि एका गिऱ्हाइकाशी फुटबॉलवरून भांडला. योन्का खिडकीत शिवायला बसली आहे. आज तिने सुई तीनदा बोटात टोचून घेतली. तिच्या बाजूने मोजले तर गुरुवार पहिला दिवस, आणि चाळिसावा ७ जुलैला येतो. हे मी तिला म्हणालो नाही. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने जुलैपर्यंत उलटून ठेवली आहेत.

संध्याकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी सहावी पायरी करकरली.

स्तामेनने मान वर केली. पावले वरच्या सज्ज्यावरून चालत गेली. घासत नव्हती. दोन्ही सारखी पडत होती, हलकी, सावकाश, आणि आठव्या खोलीपाशी थांबली.

“ही माझी नव्हेत,” स्तामेन म्हणाला. मग योन्काकडे वळून, “कुणाची आहेत?”

योन्काने धागा दाताने तोडला. “नवरी परत आली असेल,” ती म्हणाली.

ती उठून दिवा लावायला गेली. मी तिची चाल ऐकण्याचा प्रयत्न केला, पण तिच्या पायांत लोकरीचे मोजे होते आणि फरशीवर आवाज आला नाही.